कर्ता नसलेला मंत्र

लोहराजाच्या नावा लुइत नदीतून वर चढत येताहेत अशी बातमी आली, तेव्हा सगळी फौज दूर डोंगरात अडकलेली होती. घाट राखायला उरले दोनच प्रकारचे लोक. एक मायापार गावचे बेज, पिढ्यानपिढ्या मंत्र घालणारे. दुसरे नदीपलीकडच्या पाठशाळेतले पंडित, पिढ्यानपिढ्या बेजांना नावं ठेवणारे. घाटाचा तरुण सेनापती फुकन मणिधर यानं दोघांची आघाडी बांधली आणि त्यांना एका मांडवात आणून बसवलं. आघाडीनं पहिला दिवस उंच पाटावर कुणी बसायचं यावर भांडण्यात घालवला.

जेउती बेजनी त्या भांडणात नव्हती. मांडवाच्या कडेला सुपारीचं तामूल चघळत ती आपलं सूप उडवत बसली होती. बाई अंगानं भरलेली, पण गावात तिचं वजन काही नव्हतं. तिच्या घराण्यात एकच मंत्र होता, सूप गुडघाभर वर उचलण्याचा. मंत्र म्हणायचा, मग नाकातून हुंकार धरायचा. हुंकार चालू तोवर सूप वर, थांबला की खाली. याचा उपयोग काय, हे तिलाही कधी कळलं नव्हतं. युद्धाला बोलावलं म्हणून ती आली होती इतकंच.

भांडणाला कंटाळून व्याकरणाचे कलिनाथ पंडित तिच्याजवळ येऊन उभे राहिले. शेवग्याच्या वाळल्या शेंगेसारखा माणूस, कुणी कधी हसताना न पाहिलेला.

"पुन्हा म्हणा बघू," ते म्हणाले.

"हलकं हो, हलकं हो, पिसाहून हलकं हो."

"कोण?"

"कोण म्हणजे?"

"हलकं कुणी व्हायचं? वाक्याला कर्ताच नाही. तुम्ही हुकूम सोडता, पण कुणाला ते सांगत नाही. मंत्र बिचारा चाचपडतो आणि हाताशी लागेल ते जेमतेम उचलतो."

"माझ्या आजीनं असाच शिकवलाय."

"आजीला कुणी टोकलं नसेल."

"टोकलं होतं की, आजोबांनी. मग मरेपर्यंत बोलली नाही ती त्यांच्याशी."

"तरी कर्ता हवाच."

जेउतीचं डोकं फिरलं. "हवा ना? मग घ्या. कलिनाथ, हलका हो, हलका हो, पिसाहून हलका हो." आणि तिनं हुंकार धरला.

पंडितांचे पाय जमिनीवरून सुटले. ते मांडवाच्या झापाला डोकं लावून बाहेर निसटले आणि सुपारीच्या झाडाच्या निम्म्यापर्यंत पोचले.

"कलिनाथ, हलका हो?" ते वरून म्हणाले. "वयानं मोठा आहे मी. 'हलके व्हा' म्हणायला काय झालं होतं?" एवढं बोलले आणि त्यांच्या पोटात कसल्याशा गुदगुल्या झाल्या. आधी नाकातून फुसकन आवाज आला, मग ते खदाखदा हसायला लागले. धोतर सावरायचं की झाड धरायचं, त्यांना ठरवता येईना. ते पाहून जेउतीलाही हसू फुटलं. हुंकार तुटला आणि पंडित धपकन पेंढ्याच्या गंजीवर आले.

सगळा मांडव भांडण विसरून बाहेर धावला. पंडितांनी तो सुधारलेला मंत्र लगेच स्वतः म्हणून पाहिला, पण साधं पानसुद्धा हललं नाही. इतर बेजांनाही जमेना. हुंकार न तोडता श्वास आत घ्यायची जी हातोटी म्हशीच्या शिंगाचा पेंपा वाजवणाऱ्यांकडे असते, ती त्यांच्यात एकट्या जेउतीकडे होती.

"शब्द माझे, श्वास बाईंचा," पंडित पेंढा झटकत फुकनला म्हणाले. आवाजात चक्क अभिमान होता. "उद्या नावा उचलू."

दुसऱ्या दिवशी दुपारी लोखंडी चोचींच्या नावांनी नदी भरून गेली. आवाज पोचावा म्हणून जेउती आणि पंडित एका होडीत बसून पुढे गेले होते. म्हणायचं काय, ते रात्रभर घोकून ठेवलं होतं: लोहराजाच्या नावांनो, हलक्या व्हा. पण त्या चोची समोर पाहिल्या आणि जेउतीच्या तोंडचं पाणी पळालं. ती घाईनं म्हणून गेली, "नावांनो, हलक्या व्हा, हलक्या व्हा, पिसाहून हलक्या व्हा," आणि हुंकार धरला.

"लोहराजाच्या राहिलं," पंडित म्हणाले. "आता सगळ्याच आल्या."

आल्याच. लोहराजाच्या नावा उठल्या, कोळ्यांच्या होड्या उठल्या, शेळ्यांनी भरलेली उतारूंची नाव उठली आणि यांची होडीही उठली. लुइतवर एकही नाव उरली नाही, सगळ्या आभाळात. वल्हेकरी सवयीनं हवेतच वल्ही मारत होते. नावा भोपळ्यांसारख्या एकमेकींवर हळूच आपटत होत्या. आणि गुदगुल्या सगळ्यांनाच. तिरंदाज धनुष्य ताणायचे आणि हसून वाकायचे. शेळ्यासुद्धा विचित्र आवाज काढत होत्या.

हसायची बंदी एकट्या जेउतीला होती. ती हसली असती तर सगळेच वरून कोसळले असते. तिनं ओठ घट्ट मिटले, डोळ्यांतून पाणी वाहू दिलं आणि हुंकार चालू ठेवला.

शत्रूचा सेनापती ताम्रकेत त्यांच्याच उंचीवर तरंगत आला. डोलकाठीला मिठी मारलेली, मिशा थरथरताहेत.

"खाली उतरवा," तो म्हणाला. "ही काय लढाई झाली?"

"आधी शस्त्रं टाका," पंडित म्हणाले. "बाईंना बोलायला सवड नाही, माझ्याशी बोला."

तलवारी, भाले, ढाली, सगळं पाण्यात पडलं. भार गेला तशा लोहराजाच्या नावा भर्रकन आणखी वर चढल्या.

"अहो, आता काय टाकू?" ताम्रकेत वरून ओरडला.

"आता काही टाकू नका. शपथ घ्या, इकडे येणार नाही म्हणून."

"नाही येणार."

"कोण नाही येणार?"

जेउतीनं पंडितांच्या पोटरीला जोरात चिमटा काढला. हसू अगदी गळ्याशी आलं होतं. पण पंडितांनी वर तोंड करून ताम्रकेताकडून पूर्ण वाक्य म्हणवून घेतलंच: मी, माझा राजा आणि आमच्या नावा या पाण्यात पुन्हा येणार नाही.

उंचावर पूर्वेचा वारा वाहत होता. त्यानं लोहराजाच्या नावा अलगद काठापलीकडे नेल्या, भातशेतांच्या चिखलावर. खालच्या नावा मात्र नदीवरच राहिल्या. पंडितांनी हात वर केला. जेउतीनं हुंकार हळूहळू बारीक केला, दिवा मंद करावा तसा. इकडच्या होड्या पाण्यावर टेकल्या, तिकडच्या नावा फसक करून चिखलात रुतल्या.

मग जेउती हसली. होडीच्या तळाशी आडवी होऊन, पोट धरून, दुपारभर कोंडलेलं सगळं ती हसली. पंडित शेजारी बसून म्हणत होते, "पुरे आता बाइदेउ, ताई माझी, मरशील," आणि स्वतःच पुन्हा सुरू होत होते.

चिखलातून ओढून काढलेल्या सैनिकांना गावानं भात आणि आंबट माशाचं कालवण वाढलं. दुसऱ्या दिवशी ते पायीच परत गेले. ताम्रकेतानं घरी काय सांगितलं कुणास ठाऊक, पण राजा पुन्हा फिरकला नाही. चिखलात राहिलेल्या त्याच्या नावांत मायापारच्या कोंबड्या अंडी घालू लागल्या.

पावसाळा सरल्यावर पाठशाळेतून जेउतीला बोलावणं आलं, पंडितांना श्वास शिकवायला. ती गेली तेव्हा सगळे विद्वान गाल फुगवून हुंकार धरून बसले होते, तोंडं लाल झाली होती.

"ककाइदेउ," ती कलिनाथांना थोरल्या भावासारखी हाक मारत म्हणाली, "आधी यांना जेवू घाला. रिकाम्या पोटी कुणाला श्वास येत नाही."