पुढील सूचना मिळेपर्यंत

महामारी माझ्या आत्याने संपवली. मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत. मात्र असा कोणताही प्रकार घडलेला नाही, असं बस स्थानकाच्या कार्यालयाने कळवलं आहे. तेव्हा घडला नाही, असं धरूनच सांगतो.

"तू दाराशी थांब," माईकच्या खोलीत शिरताना आत्या म्हणाली. "कुणी आलं तर खोक."

"खोकू? इथं? चेंगराचेंगरी होईल, आत्या."

ती हसली. हे हसू मी पार विसरलो होतो.

आत्या म्हणजे या स्थानकाचा आवाज. कुठली बस कुठल्या फलाटावर, ते गावाला तीच सांगायची. महामारीत तोच आवाज मुद्रित करून भोंग्याच्या गाडीवर चढवला: "पुढील सूचना मिळेपर्यंत नागरिकांनी घराबाहेर पडू नये." गाडी गल्लोगल्ली फिरली. काका, म्हणजे आत्याचे यजमान, तेव्हा रुग्णालयात होते, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी. त्यांच्या शेवटच्या फोनमध्ये मागून आत्याचाच आवाज येत होता.

"घरातही तू, इथं खिडकीखालीही तूच," काका धापा टाकत म्हणाले. "नवऱ्यानं जावं तरी कुठं?"

ते गेले. त्यानंतर आत्या 'हं' आणि 'अंहं' यांवर आली.

साथ ओसरली, पण गावाच्या पायांना ते कळेना. आत्याने "बस फलाटावर लागत आहे" म्हटलं, की प्रवासी बसपासून सहा फूट मागे सरकायचे. बस रिकाम्या जाऊ लागल्या. कार्यालयाने आत्याला हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. छत्र्या मागे सरकत नाहीत.

तिथं तिचं बरं चाललं होतं, पण आमच्या तळमजल्यावर मास्तर होते. आमची इमारत स्थानकाच्या भिंतीला लागून. मास्तर साथीत आत गेले, ते उंबऱ्याबाहेर आलेच नाहीत. किराणा खिडकीतून, लेकीचे टोमणेही खिडकीतून. शेवटी लेकीने हात जोडले, तेव्हा आत्या खिडकीशी गेली.

"मास्तर, या की आता बाहेर. सगळं जग आलं."

"जगाचं मला सांगू नका, बाई. 'पुढील सूचना मिळेपर्यंत' असं तुम्हीच बजावलंत. आली सूचना?"

"नाही."

"मग? शिस्त म्हणजे शिस्त."

आत्या घरात येऊन खुर्चीत बसली. "खरंच की रे. आत बसा मीच म्हणाले, बाहेर या म्हणालेच नाही कुणाला. आणि मी तरी कुठं आलेय बाहेर?"

एवढं ती एका दमात कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. बाबांनी घाईघाईने टीव्ही बंद केला.

तर मंगळवार. तिने माईकचं बटण दाबलं.

"नागरिकांनी कृपया लक्ष द्यावे. पुढील सूचना. सर्वांनी घराबाहेर पडावे. जमेल तशी गर्दी करावी. ज्यांचं माणूस गेलं, त्यांनीसुद्धा यावं." मग जरा थांबून, "मास्तर, चप्पल घाला."

फलाटावरची माणसं सवयीने मागे सरकली. मग एकमेकांकडे बघत, ओशाळून, पुढे आली. आणि भिंतीपलीकडून मास्तर आले. इस्त्रीचा सदरा, तोंडाला मास्क. चपला वाळून लाकूड झालेल्या, म्हणून हातात.

"सूचनेला उशीर झाला," ते म्हणाले.

"झाला खरा."

"चालायचंच. सरकारी काम."

संध्याकाळी बाबा चहावाल्याला सांगत होते, "बहीण आहे माझी." चहावाला म्हणाला, "चौथ्यांदा सांगताय."

परवा आत्याला 'कारणे दाखवा' नोटीस आली. जो प्रकार घडलाच नाही, त्याबद्दल. उत्तर तिने खणखणीत आवाजात सांगितलं, मी उतरवून घेतलं. खाली मास्तर कान देऊन ऐकत होते.

"सदर प्रकार घडलेला नसल्याने कारणे देता येत नाहीत. तथापि, घरात राहण्याची सूचना गाडी फिरवून देण्यात आली होती. सबब, बाहेर येण्याची सूचनाही त्याच गाडीने, त्याच आवाजात, सर्व गल्ल्यांतून देण्यात यावी. गाडी रुग्णालयाच्या मागच्या रस्त्याने न्यावी, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीखाली थोडा वेळ उभी करावी, ही नम्र विनंती."