सात मजले आणि एक हिरवा दिवा

धाकटीने प्रोग्रॅममधला बदल पाठवून दिला आणि सवयीने कपाटावरच्या दिव्याकडे पाहिलं. चार मिनिटांनी दिवा हिरवा झाला. तिने चहाचा घोट घेतला, पुन्हा पडद्यावर नजर टाकली आणि घोट तोंडातच राहिला. घाईत तिच्या हातून एक भलतीच ओळ पुसली गेली होती. लिफ्ट मजल्यावर आलेली नसेल तर दार उघडू नये, ही.

लिफ्ट चालवणारे प्रोग्रॅम लिहिणारी ही कंपनी. कुणी त्यात काडीचा बदल केला, की आठशे चाचण्या आपोआप सुरू होत. एक जरी नापास झाली तरी दिवा लाल. सगळ्या पास झाल्या तर हिरवा, आणि मग नवा प्रोग्रॅम सर्वांत आधी कंपनीच्याच इमारतीतल्या लिफ्टमध्ये आपोआप जाई. "गिऱ्हाइकाआधी आपण मरायचं," असं मास्तर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. ही सगळी व्यवस्था त्यांनीच उभी केली होती. ते स्वतः रोज जिन्याने सात मजले चढत. गुडघ्यांसाठी, म्हणे. तीन वर्षांत दिवा एकदाही लाल झाला नव्हता. साहेबांनी त्याच्यासोबत फोटोही काढून घेतला होता.

"जाड्या, अख्खी ओळ गेली तरी हा हिरवा कसा?"

शेजारचा जाड्या खुर्चीसकट सरकत आला. "दिव्याला तू आवडतेस."

"थट्टा पुरे. आतला निकाल उघड."

त्याने उघडला. आठशेपैकी तीनशे बारा नापास. आणि सगळ्यात शेवटी एक सूचना: निकाल काहीही लागो, पास म्हणून कळव. लिहिणारे मास्तर. तारीख तीन वर्षांपूर्वीची. पुढे शेरा होता, 'तात्पुरतं आहे. सोमवारी काढतो.'

जाड्याने शेरा पुन्हा एकदा वाचला.

"कुठला सोमवार, ते नाही लिहिलं," तो म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. आई होती. "खाली आलेय गं. चष्मा घरीच टाकून आलीस. घेऊन येते वर." धाकटी तोंड उघडेपर्यंत फोन बंद झाला होता. तिने उलट लावला. चार-पाच वेळा लावला. वाजत राहिला. कुणी उचलेना.

ती धावत लिफ्टपाशी गेली. वरचा आकडा चारवर थांबला होता. हलत नव्हता. तिने बटण दाबलं. टिंग असा गोड आवाज झाला, रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली, "सातवा मजला. सावकाश पाऊल टाका," आणि दार उघडलं.

आत लिफ्ट नव्हती. ग्रीस लागलेले दोन दोर, काळोख आणि खालून येणारा गार वारा.

जाड्याने मागून तिचा दंड घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने भिंतीवरचा लिफ्टचा मेन स्विच खाली ओढला.

"आई," धाकटी त्या काळोखात म्हणाली.

"इकडे गं, जिन्यात."

आई कठडा धरून वर येत होती, धापा टाकत. मागे मास्तर, तिची पिशवी काखेत घेऊन.

"सात मजले चढवलं या गृहस्थांनी. इतकी दमले की फोनही उचलवेना. खाली लिफ्टपाशी उभी होते, तुझी आई म्हणून सांगितलं मात्र, यांनी पिशवीच काढून घेतली. म्हणाले, ओळखीच्या माणसाला मी लिफ्टने जाऊ देत नाही."

मास्तर उघड्या दाराकडे बघत होते.

जाड्याने धाकटीचा दंड सोडला. "रोज सकाळी आम्ही आत शिरलो," तो हळू आवाजात म्हणाला, "की बाहेरून हात घालून सातचं बटण तुम्ही दाबून द्यायचात, मास्तर."

मास्तरांनी पिशवी अलगद जमिनीवर ठेवली. चष्म्याचं घर बाहेर आलं होतं, ते नीट आत सारलं.

"आज सोमवार ना?" त्यांनी विचारलं.

"बुधवार," आई म्हणाली.