सातवा स्टॅन

मी एक जुनं कार्ड आहे, मित्रांनो. जुनं म्हणजे अकरा वर्षांचं. बेसबॉल खेळाडूंची चित्रं छापून पाकिटात घालून विकतात ना, त्यातलं एक. माझ्यावर रेफ टॉलिव्हर आहे, खांद्यावर बॅट टाकून उगाच हसणारा. कोपऱ्यात पदार्पणाची खूण आहे. खेळाडू मोठ्या लीगमध्ये पहिल्यांदा उतरतो त्या वर्षीच्या कार्डावरच ती असते, आणि पुढे तो नावाजला की लोक त्या कार्डासाठी जीव टाकतात. माझ्यासाठीही टाकला. माझं वाटोळं त्यातच झालं.

रेफ मोठ्या लीगमध्ये नऊ दिवस टिकला. मग त्याला परत टोलेडोच्या धाकट्या संघात धाडून दिलं. तिथल्या मैदानावर स्टॅन पिएत्रास लोकांना जागा दाखवायचा आणि सामना संपल्यावर खुर्च्या पुसायचा. सगळे गेल्यावर हा पोरगा एकटाच तिसऱ्या रांगेत बसून राहतो, हे त्याने पाहिलं.

"जेवलास का रे?" स्टॅनने विचारलं.

"भूक नाही."

"भूक नाही म्हणे. तुझ्या पोटाची गुरगुर मला इथवर ऐकू येतेय."

दुसऱ्या दिवशी स्टॅनने बायकोच्या हातचे पियेरोगी आणले, म्हणजे उकडलेल्या करंज्याच, आत बटाटा आणि वरून परतलेला कांदा. मग तो नेमच झाला. हेलेन डबा भरायची, स्टॅन न्यायचा आणि रेफ बोटं चाटायचा. हंगाम संपताना स्टॅनने फाटकाबाहेर एक पाकीट घेतलं, त्यात मी निघालो. रेफने माझ्यावर निळ्या शाईने लिहिलं, 'स्टॅनला, ज्याने मला उपाशी झोपू दिलं नाही.' खाली पूर्ण सही केली, एकेक अक्षर लावून.

"नाव मुद्दाम घातलंय," तो म्हणाला. "म्हणजे हे कायम तुमचंच राहील. कुठेही भेटलो तरी हे दाखवा, मी ओळखेन."

पुढे रेफ खरंच मोठा झाला. मी स्वयंपाकघरात टेबलावरच्या भिंतीला चौकटीत बसलो. येणाऱ्याजाणाऱ्याला स्टॅन मला दाखवायचा. हेलेन म्हणायची, "अहो, तो कार्डावर आला, माझे पियेरोगी कधी येणार?" मागच्या वर्षी हेलेन गेली. स्टॅनच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्याला मी नीट दिसत नसे, पण माझ्यावर काय लिहिलंय ते त्याला पाठ होतं.

अशात बातमी आली की रेफ एक दिवस सह्या द्यायला टोलेडोला येणार आहे. स्टॅनने नवा शर्ट काढला. "बाकी काही नको," तो मुलाला, डेनिसला म्हणाला. "हेलेन गेली, एवढं त्याला माझ्या तोंडून कळायला हवं."

डेनिसला कार्डांचा नाद. 'चौकटीतून काढून चांगल्या डबीत घालतो' म्हणून त्याने मला उतरवलं आणि आधी कार्डं विकणाऱ्या आर्लीनच्या दुकानात नेलं. तिथे टेबलावर रेफच्या पदार्पणाची सहा कार्डं मांडलेली होती. एक चकचकीत, एक मोजक्याच प्रती काढलेलं, एकात तर रेफच्या खेळातल्या सदऱ्याचा तुकडा बसवलेला. सगळ्यांत हवंहवंसं कोणतं, यावर तिथे रोज भांडण चालायचं. डेनिसने मला सातवं ठेवलं.

आर्लीनने भिंग लावलं. "बाई गं, पदार्पणाच्या वर्षातली सही, आणि पूर्ण! आता तर तो नुसतं गिचमिड करतो. याच्यापुढे ही सहाही पाणी भरतील." मग तिने तोंड वाकडं केलं. "पण ते नाव आहे ना. दुसऱ्याच्या नावाचं कार्ड कोण घेणार?"

मला विकायचं डेनिसच्या मनात नव्हतं, हे मी इमानाने सांगतो. त्याला फक्त त्या टेबलावर पहिलं यायचं होतं. घरी येऊन त्याने कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेतलं आणि वरची ओळ पुसली. स्टॅनही गेला आणि उपाशी झोपणंही गेलं. उरली नुसती सही आणि तिच्यावर एक पांढुरका डाग. मला जाड डबीत बंद करून त्याने बापाच्या खिशात ठेवलं. काय केलं ते सांगितलं नाही.

सह्यांच्या दिवशी रांग दोन तास चालली. स्टॅनने मला रेफपुढे ठेवलं आणि हसत उभा राहिला. रेफने मान वर न करताच मला उजेडात तिरपं धरलं. डाग त्याला लगेच दिसला.

"इथलं नाव पुसलंय," तो म्हणाला.

"नाव? नाव माझंच आहे. स्टॅन. ते पियेरोगी, आठवतंय?"

रेफने सुस्कारा टाकला. "काका, ती गोष्ट मी टीव्हीवर सांगितल्यापासून तुम्ही सातवे स्टॅन. त्या माणसाचं कार्ड तुमच्याकडे कसं आलं ते मी विचारत नाही. पण त्याचं नाव तरी पुसायचं नव्हतं." त्याने मला परत सरकवलं. "पुढचे या."

डेनिस शेजारीच उभा होता. एक वाक्य बोलला असता तरी पुरलं असतं. त्याने मान खाली घातली.

गाडीत स्टॅनने चष्मा लावून मला डोळ्यांजवळ धरलं. डाग होता तिथे डबीवरून बोट फिरवलं. "हेलेनचं सांगायचं राहिलं," एवढंच म्हणाला.

त्या आठवड्यात डेनिस तसलीच निळी शाई घेऊन आला. रेफचं अक्षर गिरवून गिरवून त्याने चार कागद भरले, सगळीकडे स्टॅन, स्टॅन, स्टॅन. मग त्याने डबी उघडून मला टेबलावर ठेवलं. तेवढ्यात म्हातारा स्वयंपाकघरात आला आणि त्याने ते कागद उचलले.

"बाबा, मी पुन्हा पहिल्यासारखं करून देतो."

"ठेव ते पेन," स्टॅन म्हणाला. "सातवा झालो तेवढं पुरे. आता आठवा करू नकोस."

मी आता डेनिसच्या कपाटात आहे. भिंतीवर चौकटीच्या जागी खिळा तसाच आहे. मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचं नाव लिहिलेली वस्तू असेल तर तिला सुधारू नका. धूळ पुसा, नाव राहू द्या. आणि पुसलंच, तर निदान रांगेत तोंड उघडा.