तहान्याचं कडं

जादूच्या आड येणारे दगड तीन, आणि तिन्हींची नावं आमच्याच घरानं ठेवली. सरकारी कागदांत त्यांना काहीतरी लांबलचक म्हणतात; ते त्यांचं त्यांना लखलाभ. पहिला मुका, राखाडी. त्याच्याजवळ जादू नुसती विझते, कुणाचं वाकडं होत नाही. त्याची खाण केव्हाच संपली. परती तांबूस. त्याच्यावर जादू पडली की करणाऱ्याच्याच अंगावर उलटते, मग तो अख्खा दगड असो की चिमूटभर भुकटी. तिसरा तहान्या, काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. सुटा पडलेला असला तर निरुपद्रवी. पण लोखंडात मिसळून त्याचं कडं केलं आणि ते मानेभोवती बंद झालं, की तो आधी जादू पितो आणि मग जीव. धडधाकट माणूससुद्धा त्याच्यापुढे फार दिवस टिकत नाही.

ती कडी मी करते. कुणाच्या पोटात दुखत असेल तर दुखू दे. मी केली नाहीत तर दुसरा कुणीतरी करेल, आणि त्याची खीळ वाकडी बसेल.

आणि दुसरा कुणी आला तर माझ्या धाकटीचं काय होईल? माझी धाकटी बहीण जादूवाली आहे. तिची जादू म्हणजे बोटाच्या टोकावर दिव्याच्या वातीएवढी ज्योत, बस्स. पण सरकारला वात काय आणि वणवा काय, सारखंच. सापडली की गळ्यात कडं आणि थेट खाणीत. तिला लपवायला कड्यांच्या कारखान्यासारखी जागा नाही, तिथे जादूवाली शोधायला कोण येणार? वर आमचं कामही भागायचं. मी कडं वळवायचे, तपासणीपुरती कच्ची खीळ घालायचे, घणाचे दोन ठोके मारायचे आणि मागून धाकटी बोट पुढे करून कड्याला ज्योत लावायची. ज्योत गिळली गेली तर कडं चोख. नाही गिळली तर परत भट्टीत. हे इतकी वर्षं चाललं होतं की दोन ठोके पडले की तिचं बोट आपसूक पुढे यायचं. एकदा ती जेवत होती, मी उंबऱ्याची खीळ ठोकली, तर पठ्ठीनं तोंडातला घास तसाच ठेवून बोट वर केलं. आम्ही दोघी पोट दुखेस्तोवर हसलो होतो.

त्या दिवशी भर दुपारी कप्तान जाळ्याला घेऊन आला. जाळ्या म्हणजे ज्यानं धान्याचं कोठार पेटवलं तो, आतल्या हमालांसकट. उंच, हाडकुळा, ओठ फाटलेला. त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत परतीच्या भुकटीच्या पिशवीत कोंबून वर चामड्याची वादी आवळली होती. सोबत एकच शिपाई होता, गोल चेहऱ्याचा, बडबड्या.

"ताई, जरा सैल करा हं," तो कड्याकडे बघून म्हणाला. "मान बघा ह्याची, कोंबड्याची आहे."

"तुझ्या मापाचं करू का?" मी म्हटलं. तो खळखळून हसला. कप्तान हसला नाही. त्यानं दार आतून लावून घेतलं, बघ्यांची गर्दी नको म्हणून. धाकटी तिथेच दारापाशी अंग चोरून उभी राहिली.

मी कडं सांडशीत धरलं आणि जाळ्याला ऐरणीपाशी गुडघ्यावर बसवलं. त्यानं गुमान मान वाकवली. मला वाटलं, खचला. तो खचला नव्हता, अंतर मोजत होता. त्यानं पिशवीसकट उजवा हात ऐरणीच्या कडेवर आपटला आणि कडकन हाड मोडल्याचा आवाज आला. स्वतःचा अंगठा मोडून घेतला होता त्यानं. वादीच्या चामड्यावर भुकटी पुसली जाऊन हात मासळीसारखा निसटला, आणि तोच लोंबता हात त्यानं शिपायाच्या हसऱ्या तोंडात खुपसला.

शिपाई आतून पेटला. आधी डोळे गेले, मग नाकातून धूर आला. ओरडायला तोंड मोकळंच नव्हतं. तो पडला तेव्हा त्याच्या दातांच्या मागे अजून उजेड होता.

कप्तानानं तलवार चालवली. जाळ्या मागे सरला म्हणून वार पिशवीवर बसला, ती उभी फाटली आणि सगळी तांबडी भुकटी कप्तानाच्या अंगावर उडाली. जाळ्यानं त्याच्यावर आग फेकली. आग कप्तानाच्या छातीपर्यंत गेली आणि तिथून वळून जाळ्याच्याच हातावर आली. कोपरापर्यंतची कातडी मोज्यासारखी उतरली. तो किंचाळत दाराकडे पळाला, आणि दारापाशी माझी धाकटी उभी होती.

त्यानं तिचे केस धरले. तिचं डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, परत एकदा. मला पुढचं नीट आठवत नाही. लांब सांडशी माझ्या हातात होती आणि ती मी त्याच्या गुडघ्याच्या वाटीवर हाणली. वाटी फुटली. तो आडवा झाल्यावर मी त्याच्या तोंडावरही हाणली. धाकटी रक्ताळलेल्या कपाळानं त्याच्या छातीवर बसली, मी कडं त्याच्या मानेभोवती आवळलं, खीळ घातली आणि घण उचलला.

दोन ठोके.

आणि धाकटीनं बोट पुढे करून कड्याला ज्योत लावली.

ज्योत गिळली गेली. कडं चोख होतं. ती माझ्याकडे बघून रोजच्यासारखी मान हलवणार होती, तेवढ्यात तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अच्छा," कप्तान म्हणाला. "अशी तपासणी होते होय इथे."

तो शांतपणे पुढे आला आणि जाळ्याच्या बरगडीखाली तलवार मुठीपर्यंत घातली. कडं घातलेल्या, मोडलेल्या माणसाला. मग तलवार त्याच्याच सदऱ्याला पुसली, खुंटीवरचं दुसरं कडं काढलं आणि माझ्या पायाशी फेकलं.

"हिला घाल."

"साहेब, तिनं आत्ता तुमचा जीव वाचवला."

"म्हणून तर मान उडवत नाहीये. घाल."

"ताई, घाल तू," धाकटी म्हणाली. "नाहीतर हे तुलाही मारतील."

"तू गप्प बस."

मी कडं उचललं. त्या माणसाचा मला इतका संताप आला होता की दात एकमेकांवर वाजत होते. आवाज मात्र मी अगदी मऊ काढला.

"साहेब, ठोका बसताना ही हलली तर मान मोडेल. जरा खांदे दाबून धरता का?"

मेलेली जादूवाली त्याला नको होती, जिवंत दाखवायची होती. त्यानं तलवार खाली ठेवली आणि गुडघे टेकून तिचे खांदे धरले. त्याचं डोकं माझ्या कमरेएवढं खाली आलं. मी कडं सोडलं आणि घण दोन्ही हातांनी आणला. कवटी ऐरणीसारखी नसते, घण आत जातो. पहिल्या घावानं तो बसल्या बसल्या कलला. त्याचा एक हात धाकटीच्या खांद्यावरून सुटेना, म्हणून मी परत मारला. मग तो हलत नव्हता तरी मी आणखी मारला.

"ताई, पुरे," धाकटी म्हणाली. "ताई! मेला तो."

मग मी विचार करायला लागले. कप्तानानं जाळ्याला भोसकलं, जाळ्यानं मरता मरता कप्तानाला जाळलं, कडं मी त्यानंतर ठोकलं; दोघांनी एकमेकांना संपवलं. कुणालाही पटेल. फक्त कप्तान जळालेला हवा, फुटलेलं डोकं दिसता कामा नये, आणि आग जादूची हवी. भट्टीच्या निखाऱ्याची आग वेगळी दिसते, सरकारी माणसं ओळखतात. भुकटी पसरली होती ती बाजू टाळून आम्ही त्याला पायांनी ओढत दुसऱ्या कोपऱ्यात नेलं.

"माझ्यानं एवढं पेटेल?" धाकटीनं विचारलं.

"पेटव. असेल नसेल ते सगळं लाव."

तिनं डोळे मिटले आणि दोन्ही हात पुढे केले. आग अशी काही निघाली की मी मागे कोलमडले. माझ्या वातीएवढ्या बहिणीत एवढी आग होती! मला क्षणभर अभिमानच वाटला.

फरशी आम्ही टाळली होती, पण परतीची भुकटी कप्तानाच्या अंगावरच होती. त्याचा अंगरखा रक्तानं इतका लाल झाला होता की खालचा तांबडा थर मला दिसलाच नाही. जन्म गेला माझा ह्या दगडांत! आग गेली आणि तशीच वळून तिच्या अंगात शिरली. अंगात शिरली म्हणून पुन्हा हातांतून फुटली, पुन्हा गेली, पुन्हा वळली. तिला थांबवता येईना. तिचे केस पेटले. बोटं काळी पडायला लागली.

"ताई! ताई, थांबत नाहीये!"

मी पाण्याची बादली ओतली, वाफ झाली. तिला ओढायला गेले तर माझ्या तळव्यांची सालटं तिच्या दंडाला चिकटली. ती जिथे वळेल तिथून आग मुडद्यावर जायची आणि परत यायची. आग बंद करायची तर ती तिच्या आतच बंद करायला हवी होती, आणि ते करणारी वस्तू कारखान्यात एकच होती.

ती वस्तू जमिनीवर पडली होती. तिच्या गळ्यात पडू नये म्हणून मी नुकताच माणूस मारला होता.

मी ते कडं उचललं, तिला ऐरणीवर पालथी पाडली, पाठीवर गुडघा रोवला आणि सोललेल्या हातांनी कडं तिच्या मानेभोवती वळवलं. खीळ घातली. ठोकली. आग एकदम गेली. धाकटी ओल्या कापडासारखी घरंगळली.

बसवलेली खीळ निघत नाही, तशी ती मीच बनवते. डोकं घासून काढावं लागतं. मी कानस घेतली, तिचं डोकं मांडीवर ओढलं आणि घासायला सुरुवात केली. तिच्यात जादू उरलीच नव्हती, तहान्या आता जीवच प्यायला लागला होता. तिचे ओठ निळे पडत होते, हात गार होत होते, आणि ती खीळ जगातली सगळ्यात पक्की खीळ होती. मी तिला हाका मारत होते. ती ओ देत नव्हती. माझे हात कानशीला चिकटत होते, सुटत होते, रक्तानं कानस घसरत होती. आयुष्यात मी पहिल्यांदा माझ्या हातच्या कामाला शिव्या दिल्या.

किती वेळानं कुणास ठाऊक, कानस घसरली आणि तिच्या मानेला ओरखडा गेला.

"हळू ना," ती पुटपुटली. "लागतंय गं."

"लागू दे," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. "ओरड, मला शिव्या घाल, पण बोलत राहा."

"मेले," धाकटीनं शिवी घातली, अगदी बारीक आवाजात. मी जोर लावून घासत राहिले.