पाच किलोची खूण

मी वजनकाटा बोलतोय. वाण्याकडचा नव्हे आणि भंगारवाल्याकडचा तर मुळीच नव्हे, त्याच्याशी माझं नातं लावू नका. मी तान्ह्या बाळांचा काटा. वर परातीएवढं पत्र्याचं तबक, समोर गोल आकडे आणि त्यांवर फिरणारा लाल काटा. साकीनाक्याच्या एका गाळ्यात मी तयार झालो. तिथल्या कारागिरानं माझी स्प्रिंग तीनदा बदलली, तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. म्हणून मला माझ्या खरेपणाचा जरा तोरा होता.

बारा वर्षं झाली, मी खारदांड्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात आहे. खोली एकच. कुंदाताई इथल्या नर्स. त्या मला रोज पुसतात, माझ्यावर दुपटं घालतात आणि मग बाळ ठेवतात. थंडगार पत्र्यावर उघडं बाळ ठेवलं की ते किंचाळतं. त्याची मला सवय झाली आहे. बाळ रडलं नाही की मात्र मला धास्ती वाटते.

श्रुतिका रडली नाही.

सात महिन्यांची पोर, वजन चार किलो तीनशे. तिच्या हृदयाला भोक होतं. दूध ओढता ओढता ती दमायची, कपाळावर घाम यायचा. मोठ्या इस्पितळात फुकट ऑपरेशन होणार होतं, पण वजन पाच किलो भरल्याशिवाय भूल देणं धोक्याचं, असं तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं. कुंदाताईंनी माझ्या पाचच्या आकड्यापाशी निळ्या पेनानं खूण केली. "दर्शना, इथवर काटा आला की मी लगेच फोन करते, तारीख मिळेल," त्या तिच्या आईला म्हणाल्या.

दर्शना दर सोमवारी यायची. बरोबर तिची सासू, द्रौपदीआजी. मालवणकडची, नवऱ्याबरोबर मासेमारीची जाळी विणणारी. चार किलो चारशे. चार साडेचारशे. पुन्हा चार चारशे. प्रत्येक वेळी चार डोळे माझ्यावर रोखलेले. एवढं टक लावून कोणी देवाकडेही बघत नसेल.

आमच्याकडे एक रीत होती. वजन करताना झबलं, लंगोट, टोपरं सगळं काढायचं, पण कमरेचा करगोटा आणि ताईत सोडायचा नाही. आयांना तो सोडलेला आवडत नाही. कुंदाताई म्हणायच्या, "राहू दे गं, दोऱ्याचं असं कितीसं वजन असणार?"

एका सोमवारी श्रुतिकाला माझ्यावर ठेवलं आणि मला तिच्या कमरेखाली काहीतरी टोचलं. ताईत नवा होता, चांगलाच फुगलेला. आत शिसं होतं, जाळ्याला लावतात ते. माझा काटा सरकत सरकत निळ्या खुणेवर जाऊन थांबला.

"पाच! दर्शना, पाच भरले!" कुंदाताई ओरडल्याच. दर्शना रडायला लागली. आजी तेवढी खाली बघत होती.

मी काय करणार? जे अंगावर ठेवतील त्याचं वजन दाखवायचं, एवढंच मला येतं. ते पोरीचं की शिशाचं, हे मला सांगता येत नाही. मला ओरडावंसं वाटत होतं.

तारीख मिळाली. मोठ्या इस्पितळात करगोटासुद्धा कापतात. तिथं भरलं चार किलो पाचशे. ऑपरेशन पुढे गेलं, ती जागा दुसऱ्या बाळाला मिळाली. दोन दिवस तिथल्या वॉर्डात राहून श्रुतिका खोकला घेऊन परतली.

कुंदाताई संतापल्या. "आजी, अहो भुलीचं औषध वजनावर देतात! त्यांनी पुन्हा वजन केलं नसतं तर?"

आजी मटकन खाली बसली. "माका वाटला, तारीख गावली म्हणजे झाला. ह्या चेडू पाच किलोचा होईसर टिकतला काय गो?"

कुंदाताईंचा राग कुठल्या कुठे गेला. त्या म्हणाल्या, "चूक माझीपण आहे. एका आठवड्यात अर्धा किलो कसं वाढलं, हे मी बघायला हवं होतं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता दवाखान्यात सगळ्याच बाळांचे करगोटे सोडतात. आया कुरकुरतात, पण सोडतात.

आज सोमवार आहे. श्रुतिका माझ्यावर आहे, अंगावर दोरासुद्धा नाही. खोकल्यानं तिला पार खाल्लंय. चार किलो दोनशे. काटा थांबत नाही, तिच्या धापेबरोबर थरथरतोय. द्रौपदीआजीनं चक्क मला हात जोडलेत. "बाबा, वाईच वर सरक रे," ती पुटपुटते आहे.

आजी, माझ्या हातात असतं तर मी तुटेपर्यंत सरकलो असतो गं. खोटं दाखवूनही तिचं भलं होत नाही आणि खरं दाखवूनही होत नाही. मला तुम्हा सगळ्यांकडे एकच मागायचं आहे. तिला एवढ्यात उचलू नका. बाळ उचललं की माझा काटा शून्यावर येतो. आजवर हजारो वेळा आला असेल, कधी काही वाटलं नाही. हिला उचलताना मात्र मला त्या शून्याची भीती वाटते.