चारशे सतरा नंबरची नळी

मी चारशे सतरा नंबरची नळी बोलतेय. करंगळीएवढी, प्लास्टिकची, निळ्या टोपणाची. मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या फ्रीजरमध्ये उभी आहे, उणे ऐंशी अंशांत. इथे सगळं गोठतं. राग तेवढा गोठत नाही.

जन्म कारखान्यातला. तासाला माझ्यासारख्या हजारो बाहेर पडतात, त्यामुळे कौतुक वगैरे कोणी केलं नाही. पोटात औषधी पाणी भरलं, टोपण फिरवलं, खोक्यात घातलं. ते खोकं डॉक्टर सोनल यांच्या गाडीतून जव्हारमार्गे मोखाड्याला आलं आणि तिथून खोडाळ्यापुढच्या एका पाड्यावर. सोनल डॉक्टर रोगीही तपासतात आणि संशोधनही करतात. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होण्याआधीच पकडायचा, आणि त्यासाठी बाईने स्वतः घेतलेला नमुना चालतो का ते बघायचं, हा त्यांचा विषय. काम चांगलंच. ते मी नाकारत नाही.

शाळेच्या वर्गात बायका जमल्या होत्या. फागी, म्हणजे पाड्यावरची आरोग्यखात्याची आशाताई, समजावत होती: मऊ ब्रश आत घालायचा, फिरवायचा, काढून नळीत बुडवायचा. गौरा नावाची तिशीतली बाई ब्रश उलटसुलट बघत म्हणाली, "येवढ्याशा झाडूनं काय झाडायचं गं फागे?" सगळ्या हसल्या. मग ती दाराआड गेली. परत आली तेव्हा मी तिची झाले होते.

फागीने कागद वाचून दाखवला. तुमचा रिपोर्ट तुमच्याशिवाय कोणालाही सांगणार नाही, असं त्यात होतं. गौराने सही केली. अंगठा नाही, सही; चौथीपर्यंत शिकली होती. खाली फोन नंबर हवा होता. पाड्यावर रेंज पकडणारा फोन एकच, तिच्या सासऱ्याचा. जिवाचा. तिने तोच दिला. दुसरा कुठून देणार?

दीड महिन्याने तपासणीत माझ्यात विषाणू सापडला. सोनल डॉक्टरांनी प्रयोगशाळेतूनच फोन लावला, स्पीकरवर, कारण एका हाताने यादी भरणं चालू होतं. गौराला बोलवा म्हणाल्या.

"ती भाताच्या आवणीला गेलीय. काय ते मला सांगा, मी सासरा हाय तिचा."

अजून साठ फोन करायचे होते. डॉक्टरांनी सांगून टाकलं. पिशवीच्या तोंडाशी विषाणू आहे, कॅन्सर झालाच असं नाही, पण महिन्याभरात तिला तपासायला आणा, आत्ता आली तर पुढचं टळेल.

मग जिवा म्हणाला, "सांगतो ना, बाई."

यादीत शब्द पडला: कळवले. मला फ्रीजरात ठेवलं. गौरा आली नाही. यादीत त्याचाही रकाना होता: कळवूनही आली नाही. झालं, दोष तिचा.

दोन वर्षांनी आली ती फागीच्या खांद्यावर, रक्त जाऊन जाऊन पांढरी पडलेली. रोग ओटीपोटभर पसरला होता. तिला वॉर्डात झोपवून फागी सोनल डॉक्टरांच्या मागे थेट प्रयोगशाळेत आली.

"ताई, तुम्ही कळवलं होतं म्हणता. कोणाला?"

"तिच्या सासऱ्यांना."

"मग तो कागद माझ्या तोंडून कशाला वाचून घेतलात?"

फागीने म्हाताऱ्यालाही विचारलं होतं. तो म्हणाला, तसल्या जागेचं सासऱ्यानं सुनेला कसं सांगायचं, लाज वाटली.

लाज! सुनेच्या डोक्यावर मोळी चढवताना नाही वाटली. पोराला सांगायचं होतं. म्हातारीला सांगायचं होतं. फागी चार घरं सोडून राहते, तिला नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. आणि म्हणे वडीलधाऱ्यांचा मान ठेवा. कशाबद्दल?

इथलेही वडीलधारे काही वेगळे नाहीत. सोनल डॉक्टर मोठ्या सरांना म्हणाल्या, आपला 'कळवले'चा रकाना खोटा आहे. सरांनी चष्मासुद्धा काढला नाही. "फोन झाला होता ना? मग कळवलंच." डॉक्टरांनी रकाना तसाच ठेवला. शोधनिबंध छापून आला. शंभरातल्या शहाण्णव बायकांना रिपोर्ट कळवले, असं त्यात आहे. त्या शहाण्णवांत गौरा आहे.

गौरा फाल्गुनात गेली. माझ्यातला तिचा अंश ठणठणीत आहे. फ्रीजर जरा कोमट झाला की गजर वाजतो आणि तीन माणसं धावत येतात.

ती गेल्याचं फागीने खोडाळ्याला येऊन फोनवर सांगितलं. पोरांचं काय, म्हणून डॉक्टरांनी विचारलं. शेजारच्या कोंडीकडे जेवतात, म्हणाली. डॉक्टर टेबलावर डोकं टेकून रडल्या.

रडून झालं असेल तर ऐका, डॉक्टर. माझ्या शेजारी चारशे अठरा नंबरची नळी उभी आहे. ती कोंडीची. तिच्यातही तोच विषाणू निघाला होता. यादीत तिच्या नावापुढेही तुमच्याच अक्षरात 'कळवले' आहे, आणि नंबर जिवाचाच आहे. कोंडी अजून चुलीपुढे उभी राहू शकते, दुसऱ्याच्या पोरांना भाकरी थापून घालते.

तिला माहीत नाही. फागीला माहीत नाही. यादी तुमच्या खणात आहे.

फोन लावू नका. उठा आणि जा.