चाळीस मधाळ मग

ते १९६८ साल. मी एकोणीस वर्षांची होते आणि मामाच्या कारखान्यात काम शिकत होते. कारखाना कसला, दोन खोल्या आणि मागे भट्टी. मामा स्टोनवेअरचे, म्हणजे कडक भाजलेल्या मातीचे, मग आणि वाडगे घडवायचा. त्यांवरची राखेची झिलई, भट्टीत काचेसारखा होणारा लेप, तो स्वतःच कालवायचा. मला झिलईच्या बादलीला हात लावू द्यायचा नाही. शेवटी मामीने भांडून एका भट्टीची झिलई मला मिळवून दिली.

"साधली तर झिलईचं काम तुझं," मामा म्हणाला. "बिघडली तर गुपचूप टायपिंगचा क्लास."

हॉटेलवाल्या काकांना चाळीस मग हवे होते, फिकट हिरवे. मी राख चाळली, लोखंडी ड्रमात भिजवली, चारदा पाणी बदललं.

भट्टी उघडली तर हिरव्याचं नाव नाही! सगळे मग मधासारखे तांबूस, वर काळसर ठिपके. तेवढ्यात काका हजर. त्यांनी एक मग फिरवून पाहिला, टिचकी मारली.

"मी हिरवे सांगितले होते."

"हिरव्यात तुमचा चहा काढ्यासारखा दिसला असता," मामी म्हणाली.

काका खो खो हसले. "वहिनी, माझा चहा कशातही तसाच दिसतो! हेच द्या. आणि असेच आणखी चाळीस."

मी उडीच मारली. मामा मात्र ढिम्म. "एकदा जमलं ते नशीब. पुन्हा असेच काढ, मग बादली तुझी. काय घातलंस?"

"राख, माती, पाणी. तुझंच माप." मला खरंच ठाऊक नव्हतं.

मामीने माझी बोटं उलटसुलट पाहिली. "नखं का गं तांबडी?"

"ड्रम खरवडला ना! भांड्याच्या तळाला काही सोडायचं नाही, मामी, तूच शिकवलंस."

"अगं शहाणे," मामा ओरडला, "राखेबरोबर गंजही खरवडलास! लोखंड गेलं झिलईत!" आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या खेपेला मी गंज वेगळा काढून चमच्याने मोजून घातला. चाळीसच्या चाळीस मग तसेच मधाळ उतरले. मामाने बादली माझ्याकडे सरकवली.

काका पुढे हॉटेल विकून मुलीकडे राहायला गेले. हात थरथरू लागल्यावर मामाने चाक सोडलं, पण चुका काढायला भट्टीपाशी खुर्ची टाकून बसायचा. मामी नव्वदी ओलांडून गेली; शेवटपर्यंत गिऱ्हाइकं तीच पटवायची. मी त्रेचाळीस वर्षं झिलई कालवली. लग्न केलं ते भट्टीच्या विटा पुरवणाऱ्याशी, आणि तो अजून मला हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ देत नाही.